गंगेकाठचे लहानसे कॉलेज

'शनिवारी आम्ही श्रीरामपूरला जाऊन आलो,' असे घरी दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा आमच्या मातुःश्रींनी पहिला प्रश्न केला, 'इतक्या जवळ आलास आणि घरी कसा आला नाहीस?' दोष त्यांचा नव्हता. महाराष्ट्रात श्रीरामपूर म्हटले की अहिल्यानगर जिल्ह्यातले, उसाच्या मळ्यांचे श्रीरामपूरच डोळ्यांपुढे येणार. आम्ही गेलो होतो ते श्रीरामपूर हावड्याहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत गाठता येते. ते हुगळीच्या पश्चिम तीरावर आहे. सरकारी कागदांवर आम्ही कोलकाता लिहितो आणि बोलताना, जुनी सवय म्हणून, कलकत्ता म्हणतो. त्या शहरात आमची बदली होऊन आता तीन वर्षे झाली. परंतु तेथून हाकेच्या अंतरावर असलेले हे गाव पाहावे असे आम्हांला कधी वाटले नव्हते. परप्रांती राहणाऱ्या सरकारी नोकराला दोनच रस्ते चांगले ठाऊक असतात. एक घरापासून कचेरीपर्यंतचा, आणि दुसरा वर्षातून एकदा रजेवर गावी जाण्याचा.

या वेळी जाणे घडले ते एका पत्रामुळे. ज्या लहानशा कॉलेजात आम्ही बी. ए. झालो, तेथे आम्हांला मराठी शिकविणाऱ्या सरांचे ते पत्र होते. सर निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी अक्षर पूर्वीसारखेच वळणदार. मजकूर थोडका होता. गेल्या वर्षी विशेष मराठीला तीन विद्यार्थी होते. यंदा एकही आला नाही, म्हणून तो वर्ग बंद ठेवला आहे. 'तुम्ही जुने विद्यार्थी मिळून एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या फीचा भार उचलाल, तर पुढच्या वर्षी कोणी ना कोणी त्या वर्गात बसेल. जमेल तर कळव. न जमले तरी पत्राचे उत्तर मात्र दे.'

आम्ही दोन्ही केले नाही. पत्र टेबलाच्या खणात ठेवले आणि तेथेच राहू दिले. आजकाल आमच्या कचेरीतल्या फायली संगणकात गेल्या असल्या, तरी 'प्रलंबित' हा शब्द काही गेलेला नाही. एखादे प्रकरण प्रलंबित ठेवण्याची कला इतक्या वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडते आणि ती पुढे घरीही उपयोगी पडते. घरभाडे, मुलीची शाळा, गावी पाठवायचे पैसे, अशी नकाराची सर्व कारणे आम्ही मनाशी क्रमवार मांडून ठेवली होती. एके रात्री सौ.ने विचारले, 'अहो, पैसे पाठवायचे की नाही ते नंतर ठरवा. पण उत्तर लिहायला का पैसे पडतात?' यावर आम्ही विषय बदलला.

आमचे ते कॉलेज तालुक्याच्या गावचे. गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून ते उभे केले. पहिली दोन वर्षे वर्ग बाजार समितीच्या गोदामात भरत, असे जुने लोक सांगत. आम्ही गेलो तेव्हा स्वतःची इमारत झाली होती. कडुनिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तीच आमची घंटा. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जाताना एक झाड लावायचे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी त्याला पाणी घालायचे, अशी रीत होती. आमच्या वर्गाने लावलेला गुलमोहर दोनदा वाळला आणि दोनदा नव्याने लावावा लागला. गॅदरिंगला एकांकिका बसविली की भूमिका कमी पडत नसत, नटच कमी पडत. म्हणून शिपाईमामांनाही एकदा राजाचे काम करावे लागले होते. विशेष मराठीच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. अकरा विद्यार्थ्यांच्या वर्गात मागचा बाक नसतो. तेथे कोणालाही लपता येत नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या शेजारच्या टेबलावर बसणारे बंगाली सहकारी. डब्याच्या वेळी आम्ही पत्राची हकीगत त्यांना सांगितली. ते म्हणाले, 'बंद पडलेल्या वर्गाची गोष्ट ऐकायची असेल, तर आमच्या श्रीरामपूरचे कॉलेज पाहून या. माझी भाची तेथे शिकते, ती दाखवील.' अशा रीतीने एका शनिवारी सौ.सह आम्ही हावड्याला गाडीत बसलो. बाली, उत्तरपाडा, कोन्नगर, रिश्रा अशी स्थानके मागे टाकीत श्रीरामपूरला उतरलो. सहकाऱ्यांच्या भाचीने स्थानकावर आम्हांला नमस्कार केला आणि 'या, काकू' असे म्हटले. सौ.ने पुढे होऊन तिच्या पाठीवरून हात फिरविला. परंतु ते संबोधन आमच्यासाठी होते. बंगालीत काकांना लाडाने 'काकू' म्हणतात! मराठी काकूंना त्या दिवशी 'काकिमा' व्हावे लागले, आणि आमचे हे नवे नाव घरी अद्याप चालू आहे.

गावातून नदीकडे जाताना ती आम्हांला माहिती देत होती. येथे इंग्रज नव्हे, तर डेन्मार्कचे लोक राज्य करीत होते. १७५५ साली त्यांनी येथे वखार घातली आणि आपल्या राजाच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगर हे नाव दिले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघा इंग्रजांनी १८०० सालच्या सुमारास या डॅनिश गावाचा आसरा घेतला. केरी मूळचे चांभारकाम करणारे, मार्शमन शाळामास्तर आणि वॉर्ड मुद्रक. बोलता बोलता आम्ही कॉलेजच्या फाटकाशी आलो. दरवानाने त्या मुलीला पाहताच विचारले, 'आईचा ताप उतरला का?' आमच्या शिपाईमामांना ज्यांनी पाहिले नाही, त्यांना हा प्रश्न साधा वाटेल. आम्हांला मात्र आपण ओळखीच्या ठिकाणी आलो असे वाटले.

फाटकातून आत गेले की समोर उंच खांबांची भव्य इमारत उभी राहते आणि पाठीमागे रस्त्यापलीकडे गंगा वाहत असते. फाटक डेन्मार्कच्या राजाने दिले आणि आतला ओतीव लोखंडाचा जिना बर्मिंगहॅमहून आला, असे तेथे सांगतात. त्या खांबांकडे पाहून हे लहान कॉलेज होते, यावर विश्वास बसत नाही. पण १८१८ साली ते निघाले तेव्हा विद्यार्थी होते अवघे ३७. काही ख्रिस्ती होते, काही हिंदू. संस्थापक धर्मप्रचारक होते, हे त्यांनी कधी लपविले नाही. तथापि प्रवेशाला जातीची वा धर्माची अट त्यांनी घातली नाही, आणि पूर्वेकडचे साहित्य व पश्चिमेकडचे शास्त्र दोन्ही शिकवायचे असे कॉलेजच्या पहिल्या पत्रकातच जाहीर केले. इंग्रजीवाचून विद्या नाही असे मानण्याचे दिवस पुढे आले. या मंडळींचा भर संस्कृतावर आणि लोकभाषेवर होता. येथे रसायनशास्त्र शिकविणाऱ्या जॉन मॅक यांचे त्या विषयावरचे बंगाली पुस्तक १८३४ साली येथेच छापले गेले. केरी वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांची स्वतःची बाग होती, आणि रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील मोठा ग्रंथ त्यांनीच संपादून छापला.

या मंडळींच्या राहणीची माहिती आम्हांला विशेष रुचली. कॉलेज निघण्याआधीपासून ही कुटुंबे एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. ज्याची जी कमाई ती सामाईक पेटीत जाई आणि प्रत्येकाला गरजेपुरते मिळे. मार्शमन पतिपत्नींच्या शाळांची मिळकतही त्याच पेटीत पडे. शनिवारची संध्याकाळ त्यांनी आठवडाभरातली भांडणे मिटविण्यासाठी राखून ठेवली होती. हे ऐकून सौ. म्हणाली, 'म्हणजे भांडणे होत असत तर!' होत असणारच. आमच्या वसतिगृहाच्या खानावळीत भाजीत मीठ किती असावे यावरून दोन गट पडले होते आणि त्यांची दिलजमाई करण्यात सरांचा अर्धा रविवार गेला होता. जेथे थोडी माणसे एकत्र राहतात, तेथे भांडण टाळता येत नाही. ते मिटविण्याचा वार मात्र ठरविता येतो.

केरी १८०१ सालापासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवीत. प्रथम बंगाली, मग संस्कृत आणि मराठी. आरंभी पगार दरमहा ५०० रुपये होता, पुढे १,००० झाला. त्या काळी हा पगार मोठाच. आठवड्यातले काही दिवस ते नावेने कलकत्त्याला जात. आणि पगाराचा फार मोठा भाग त्या सामाईक पेटीत टाकीत. श्रीरामपूरचे छापखाने, शाळा आणि कॉलेज यांच्यामागे असा एका नोकरदाराचा महिन्याचा पगार उभा होता.

येथे आमच्या मनात एक जुनी गोष्ट वर आली, ती सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना वडील अंथरुणाला खिळले आणि आम्ही कॉलेजला जाणे सोडले. मोबाईल तेव्हा सर्वांजवळ नव्हते. पाचव्या दिवशी आमच्या गावच्या एस.टी.चा कंडक्टर दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'सरांनी विचारलंय, अकरातला एक कुठं गेला?' आम्ही आलो, तो परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपली होती. सरांनी आमच्यापुढे एक पावती ठेवली. अर्ज त्यांनीच भरला होता आणि शुल्कही जमा केले होते. पैसे कोणी दिले, असे आम्ही विचारले. 'सही कर,' एवढेच ते म्हणाले. आज आमच्या सेवापुस्तिकेत शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात 'पदवीधर' असे लिहिलेले आहे. ते त्या पावतीच्या आधारावर लिहिलेले आहे. आणि आता तेच सर दुसऱ्या कोणाच्या पावतीसाठी विचारीत होते, आणि आम्ही त्यांचे पत्र खणात ठेवून बसलो होतो.

इमारतीच्या सावलीत बसून आम्ही त्या मुलीकडून कॉलेजचा पुढचा इतिहास ऐकला. आमच्या धंद्यातल्या माणसाने तो मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. मार्शमन कोपनहेगनला जाऊन आले आणि १८२७ साली राजा सहावा फ्रेडरिक याने या कॉलेजाला पदव्या देण्याचा अधिकार देणारी सनद दिली. कोपनहेगन आणि कील येथील विद्यापीठांना जो अधिकार, तोच हुगळीकाठच्या या लहानशा संस्थेला मिळाला. पुढे मात्र दिवस फिरले. वॉर्ड १८२३ सालीच गेले होते. कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या १८३० नंतर बुडाल्या आणि त्यांत संस्थेचा पैसा गेला. केरी १८३४ साली वारले, मार्शमन १८३७ साली. १८४५ साली डेन्मार्कने आपल्या येथील वसाहती साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकल्या. गाव विकले, वखार विकली, परंतु त्या करारनाम्यात एक कलम घातले गेले, की कॉलेजाचे सनदेचे हक्क कायम राहतील. हे कलम सुवाच्य अक्षरांत उतरविणारा कोणी अनामिक कारकून असलाच पाहिजे. आम्ही मनोमन त्याला नमस्कार केला.

कारण त्या सनदेखाली तोवर एकही पदवी दिली गेली नव्हती, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे दिली गेली नाही. कलकत्ता विद्यापीठ १८५७ साली निघाले, तेव्हा कॉलेज त्याला जोडले गेले. पण १८८३ साली तेही अध्यापन थांबले आणि येथे धर्मशिक्षणाचीच शाळा उरली. कलाशाखेचे वर्ग रिकामे पडले. एवढ्यावर कोणीही 'प्रकरण बंद' असा शेरा मारला असता. येथे तो मारला गेला नाही. जॉर्ज हॉवेल्स हे प्राचार्य असताना १९११ साली कॉलेज पुन्हा विद्यापीठाला जोडले गेले आणि वर्ग पुन्हा भरू लागले. म्हणजे मध्ये २८ वर्षे गेली. १९१५ साली जुन्या सनदेच्या आधारे धर्मशास्त्राची पहिली पदवी दिली गेली. सनद मिळाल्यापासून ८८ वर्षांनी. १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून त्या अधिकाराला बळकटी आणली. आज देशभरातली धर्मशास्त्राची अनेक विद्यालये श्रीरामपूरच्या पदव्या देतात, त्यांत आपल्या पुण्यातलेही एक आहे. कला आणि शास्त्र शाखा कलकत्ता विद्यापीठाकडे आहेत. २०१८ साली कॉलेजला दोनशे वर्षे पूर्ण झाली.

आम्ही प्रलंबित प्रकरणे पुष्कळ पाहिली आहेत. पण प्रलंबित ठेवणे आणि जपून ठेवणे यांत फरक आहे, हे आमच्या ध्यानात त्या पायऱ्यांवर बसल्यावर आले. पत्र खणात ठेवले होते ते आम्ही. सनद जपली होती ती या लोकांनी.

परप्रांतातल्या मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगायची आहे. मराठी भाषेच्या आरंभीच्या छापील व्याकरणांपैकी एक कोठे छापले गेले? पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे. ते याच श्रीरामपुरात, केरींच्या छापखान्यात, १८०५ साली छापले गेले. कॉलेज निघण्याच्या तेरा वर्षे आधी. त्याच्या शेवटी नित्याच्या विषयांवरचे संवादही जोडलेले आहेत. पाठोपाठ १८१० साली मराठीचा कोश निघाला. तो मोडी लिपीत छापलेला आहे, आणि मोडी म्हणजे आम्हां कारकुनांची लिपी! या कामात केरींना साहाय्य केले ते फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांनी. सिंहासनबत्तिशी आणि हितोपदेश यांची त्यांची मराठी रूपे पुढे येथेच मोडीत छापली गेली.

वैजनाथ पंडितांचा विचार आम्ही परतीच्या गाडीतही करीत होतो. ज्या शहरात त्यांची भाषा बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्या शहरात हा गृहस्थ सरकारी पगारावर मराठी शिकवीत होता. संध्याकाळी घरी जाऊन तो मराठीत कोणाशी बोलत असेल? विद्यार्थी म्हणावे तर कंपनीचे मूठभर तरुण साहेब, त्यांनाही मराठीची गोडी कितपत असेल! आपल्या वर्गाची पटसंख्या पाहून तोही कधी निराश झाला असेल. तरी त्याने शब्द सांगितले, केरींनी ते टिपून घेतले आणि जुळाऱ्यांनी खिळे जुळविले. आमच्या भाषेची आरंभीची शिस्त अशी परक्या नदीच्या काठी, दोन-चार माणसांच्या उद्योगातून घातली गेली. विशेष मराठीला तीनच विद्यार्थी उरले म्हणून हळहळणाऱ्या आम्हांला हे ठाऊक नसावे, याची त्या दिवशी लाज वाटली.

निघण्यापूर्वी त्या मुलीला सौ.ने विचारले, 'तुमच्या वर्गात किती जण?' तिने आकडा सांगितला आणि लगेच बोटे मोडीत सगळ्यांची नावे सांगू लागली. सातव्या-आठव्या नावाशी ती थांबली. तो मुलगा दोन आठवडे आला नव्हता. 'त्याच्या घरी जाऊन आलात का?' आम्ही विचारले. ती म्हणाली, 'उद्या जाणार आहोत.' आम्हांला एस.टी.चा कंडक्टर आठवला.

मोठ्या विद्यापीठांची थोरवी आम्ही नाकारीत नाही. त्यांच्या प्रयोगशाळा, ग्रंथालये, नावलौकिक हे सारे लहान कॉलेजात कोठून येणार! पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, घरी पहिल्यानेच कोणी शिकत असलेल्या मुलाला विद्येचे दार दाखविणारे कॉलेज लहानच असते. ते त्याच्या पायांना पोहोचण्याजोगे असते, आणि तो आला नाही तर तेथे कोणाच्या तरी ध्यानात येते. आपण परप्रांतात नोकरी करणारे कितीतरी जण अशाच दारांतून बाहेर पडलो आहोत. बाहेर पडल्यावर मागे वळून ते दार उघडे आहे की नाही, हे पाहण्याची आठवण मात्र फार थोड्यांना होते. आम्हांला झाली नव्हती.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही खण उघडला. सरांना 'तीर्थस्वरूप' असे लिहून पुढचा मजकूर सुचेना. उशीर झाल्याची क्षमा मागितली. श्रीरामपूरची हकीगत लिहिली. १८८३ आणि १९११ हे दोन आकडे मुद्दाम अक्षरांतही लिहिले, जसे आम्ही रकमा लिहितो. एका विद्यार्थ्याची वर्षाची फी आम्ही पाठवू, ती कोणासाठी हे आम्हांला कळविण्याचे कारण नाही, असे लिहिले. आमच्या वर्गातल्या बाकीच्या दहा जणांचे पत्ते आम्ही शोधीत आहोत. चार सापडले आहेत, हेही लिहिले. सौ.ने पत्र वाचले आणि विचारले, 'आणि यंदाही कोणी आले नाही तर?'

आम्ही पत्राच्या तळाशी एक ओळ वाढविली. 'वर्गात कोणी आले नाही, तरी पैसे परत पाठवू नयेत. पुढच्या वर्षासाठी ठेवावेत.'

मग सही केली. पावतीवर केली होती तशीच, पूर्ण नावाने.